पंचवीस मिनिटांचा निबंध, सोळा वर्षांचा वाद

शनिवारची सकाळ. अमेरिकेतील एखाद्या माध्यमिक शाळेच्या वर्गात सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली बसलेली. समोर सीलबंद प्रश्नपुस्तिका, हातात पेन्सिल. पर्यवेक्षकाने वेळ सुरू झाल्याचे सांगताच पुस्तिका उघडायची, त्यापूर्वी कधीही न पाहिलेला विषय वाचायचा आणि पंचवीस मिनिटांत त्यावर निबंध लिहून मोकळे व्हायचे. जागा रेघा आखलेल्या दोन पानांची. शाईच्या पेनाने लिहिले, तर गुण शून्य. पहिल्या परिच्छेदानंतर मत बदलले, तरी मागे फिरायला सवड नाही. त्यानंतर गणित आणि वाचनाचे तीन-सव्वातीन तास अजून बाकीच.

महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'सॅट' या परीक्षेत मार्च २००५ मध्ये हा निबंध सक्तीचा झाला. २०१६ मध्ये त्याचे स्वरूप बदलून तो ऐच्छिक करण्यात आला आणि जून २०२१ नंतर सर्वसाधारण परीक्षेतून तो हद्दपार झाला. या सोळा वर्षांत लाखो विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि त्याविषयी मनापासून तक्रारही केली. लिहिता येते, पण घड्याळासमोर लिहिता येत नाही. विषय कळला, पण सुचले ते वेळ संपल्यावर. मैत्रिणीने पाने भरली आणि गुण मिळवले, अशा त्या तक्रारी होत्या. परीक्षेनंतरची नेहमीची कुरकुर म्हणून त्या झटकून टाकणे सोपे होते. मात्र त्यातील बऱ्याच तक्रारींत तथ्य होते, हे पुढे परीक्षा घेणाऱ्यांच्याच निर्णयांवरून दिसून आले.

दहावी-बारावीला 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिलेल्या आणि पदवीनंतर अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी 'जीआरई'ला बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही हा वाद अनोळखी वाटणार नाही. लेखनाची परीक्षा घ्यायची म्हणजे नेमके काय मोजायचे, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे.

जुनाच पेच

प्रवेश परीक्षेत निबंध असावा की नसावा, हा अमेरिकेतील वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९०० मध्ये स्थापन झालेल्या 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने १९०१ मध्ये पहिली परीक्षा घेतली. तिला ९७३ विद्यार्थी बसले होते आणि उत्तरे सविस्तर लिहायची होती. पुढे विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तपासनीस कमी पडू लागले आणि एकाच उत्तराला वेगवेगळे परीक्षक वेगवेगळे गुण देतात, ही अडचण ठळक होत गेली. १९२६ मध्ये पहिली 'सॅट' परीक्षा झाली, तेव्हा सुमारे आठ हजार विद्यार्थी तिला बसले. तिच्यात वस्तुनिष्ठ प्रश्नांवर भर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये जुन्या पद्धतीच्या दीर्घोत्तरी परीक्षा थांबल्या आणि पर्यायी उत्तरांच्या चाचण्यांचे राज्य सुरू झाले.

निबंध तपासण्यातील अडचण किती गंभीर आहे, हे १९६१ मधील एका अभ्यासाने दाखवून दिले. पॉल डायडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ जाणकार वाचकांना दिले. त्यांत प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील आणि व्यावसायिकही होते. कोणतेही निकष न देता निबंधांची नऊ श्रेणींत विभागणी करण्यास त्यांना सांगण्यात आले. ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. तब्बल १०१ निबंध असे निघाले, की ज्यांना कोणीतरी सर्वात वरची आणि कोणीतरी सर्वात खालची श्रेणी दिली होती आणि मधल्या सर्व श्रेणीही मिळाल्या होत्या. कोणाला विचार महत्त्वाचा वाटला, कोणाला शुद्धलेखन, कोणाला रचना, तर कोणाला शैली.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी 'समग्र गुणदान' ही पद्धत रूढ झाली. तपासनिसांना आधी नमुन्याचे निबंध दाखवायचे, कोणत्या पातळीला किती गुण द्यायचे याचा सराव करून घ्यायचा आणि मग प्रत्येक निबंध एकदाच, भरभर वाचून त्याचा एकूण ठसा पाहून गुण द्यायचे, अशी ही पद्धत. तिच्यामुळे परीक्षकांत एकवाक्यता आली. मात्र ती एकवाक्यता नेमकी कशाविषयी होती, हा प्रश्न मागे राहिला आणि २००५ नंतर तोच पुन्हा उसळून आला.

कॅलिफोर्नियाचा धक्का

'सॅट'मध्ये निबंध येण्यास निमित्त झाले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. तेथील अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एका भाषणात, आपल्या विद्यापीठाने प्रवेशासाठी 'सॅट'ची अट काढून टाकावी, अशी शिफारस केली. शाळेत जे शिकवले जात नाही, त्याच्या तयारीत मुले वेळ घालवतात, असा त्यांचा आक्षेप होता. शब्दांच्या जोड्या लावण्याच्या प्रश्नांवर त्यांचा विशेष रोष होता. इतके मोठे सार्वजनिक विद्यापीठ परीक्षेकडे पाठ फिरवणार म्हटल्यावर कॉलेज बोर्डाने नव्या परीक्षेची आखणी हाती घेतली.

मार्च २००५ मध्ये ती प्रत्यक्षात आली. शब्दसाम्याचे प्रश्न गेले, लेखनाचा स्वतंत्र विभाग आला आणि एकूण गुण १६०० वरून २४०० झाले. लेखन विभागाच्या ८०० गुणांत निबंधाचा वाटा साधारण एक-तृतीयांश होता. उरलेले गुण व्याकरण व वाक्यसुधारणेच्या पर्यायी प्रश्नांना होते. दोन तपासनीस प्रत्येकी एक ते सहा गुण देत आणि त्यांची बेरीज होई. दोघांच्या गुणांत एकाहून अधिक अंतर पडल्यास तिसऱ्या तपासनिसाकडे निबंध जाई. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर वाचल्या जात.

या बदलामागील हेतू चांगलाच होता. परीक्षेत जे विचारले जाते ते शाळेत शिकवले जाते, हा जगभरचा अनुभव आहे. परीक्षेत लेखन आले, तर शाळांत लेखनाकडे लक्ष दिले जाईल, अशी अपेक्षा होती. मात्र या नियमाची दुसरी बाजूही आहे. परीक्षेत ज्या प्रकारचे लेखन विचारले जाते, त्याच प्रकारचे लेखन शाळेत शिकवले जाते.

मिनिटांचा हिशेब

पंचवीस मिनिटे कशी खर्च होत, याचा हिशेब मांडला की विद्यार्थ्यांची चरफड समजते. विषयात आधी एखाद्या पुस्तकातील छोटा उतारा आणि त्याखाली एक व्यापक प्रश्न असे. प्रश्न जीवनमूल्यांविषयीचे. यशासाठी अपयश आवश्यक असते काय, बहुमतावर विसंबणे योग्य आहे काय, या धाटणीचे. उतारा वाचून प्रश्न समजून घ्यायला दोन मिनिटे. बाजू निवडून दोन-तीन दाखले आठवायला तीन-चार मिनिटे. शेवटी नजर फिरवायला दोन मिनिटे ठेवली, तर प्रत्यक्ष लेखनाला सतरा-अठरा मिनिटे उरतात. चार-पाच परिच्छेद लिहायचे असतील, तर एका परिच्छेदाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात.

लिहिणारा माणूस सहसा असे लिहीत नाही. तो लिहिता लिहिता विचार करतो, दुसऱ्या परिच्छेदात त्याला पहिल्यातील चूक दिसते, मग तो आधीचे खोडतो. लेखनाचे शिक्षण देणाऱ्यांच्या दृष्टीने पुनर्लेखन हा लेखनाचाच भाग आहे. येथे मात्र पुनर्लेखनाला जागाच नव्हती. परिणामी विद्यार्थी स्वतःला पटणारी बाजू घेण्याऐवजी ज्या बाजूने दाखले चटकन आठवतील ती बाजू घेऊ लागले. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असे प्रामाणिकपणे वाटणाऱ्या मुलांची सर्वाधिक कुचंबणा झाली. बारकावे मांडायला वेळ लागतो आणि तोच त्यांच्याकडे नव्हता.

त्यातच हाताच्या वेगाचा प्रश्न होता. संगणकावर टंकलेखन करून वाढलेल्या पिढीला पेन्सिलीने दोन पाने भरायची होती. २००६ मध्ये परीक्षा दिलेल्या सुमारे पंधरा लाख विद्यार्थ्यांपैकी केवळ १५ टक्के विद्यार्थ्यांनी जोडाक्षरी वळणदार लिपीत निबंध लिहिला. बाकीच्यांनी सुटी अक्षरे काढली, असे कॉलेज बोर्डाच्या माहितीतून पुढे आले. वळणदार लिपीत लिहिणाऱ्यांना सरासरी किंचित अधिक गुण होते. हस्ताक्षरामुळेच ते मिळाले, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र विचार मनात तयार असूनही हात मागे पडतो, ही तक्रार निव्वळ सबब नव्हती, एवढे म्हणता येते. विकलांगता प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्यांना वाढीव वेळ मिळण्याची सोय होती. केवळ स्वभावाने सावकाश विचार करणाऱ्यांसाठी तशी कोणतीही सोय नव्हती.

जितकी पाने, तितके गुण?

वादाला खरी धार आली ती एका प्राध्यापकाच्या पाहणीने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात 'एमआयटी'मध्ये लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी २००५ मध्ये कॉलेज बोर्डाने प्रसिद्ध केलेले नमुन्याचे निबंध जमवले, त्यांतील शब्द मोजले आणि गुणांशी ताडून पाहिले. निबंधाची लांबी आणि गुण यांचा संबंध त्यांना विलक्षण घट्ट आढळला. निबंध न वाचता, दुरूनच त्याची लांबी पाहून बहुतेक वेळा गुण अचूक सांगता येतात, असा त्यांचा निष्कर्ष मे २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाला आणि एकच खळबळ उडाली.

त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीकडेही लक्ष वेधले. वस्तुस्थितीच्या चुकांसाठी गुण कापू नयेत, अशी तपासनिसांना सूचना होती. निबंध लेखनकौशल्याचा आहे, इतिहासाचा नाही, हा त्यामागील तर्क. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ असा झाला, की एखाद्या युद्धाचे साल शंभर वर्षांनी चुकले तरी चालेल, दाखला मात्र हवा. शिकवणीवर्गांनी तो अर्थ तत्काळ हेरला. कोणत्याही विषयाला जोडता येतील असे पाच-सहा थोर पुरुष, दोन कादंबऱ्या आणि एक ऐतिहासिक प्रसंग पाठ करून जायचे, चार भारदस्त शब्द पेरायचे आणि काही आठवले नाही तर दाखला रचून सांगायचा, अशी तयारी सुरू झाली. ज्यांच्या पालकांना असे वर्ग परवडत होते, त्यांना हा साचा आयता मिळाला.

लांबीला गुण का मिळत, याचे सरळ उत्तर असेही देता येते, की ज्याच्याकडे सांगण्यासारखे अधिक असते, तो अधिक लिहितो. हे काही प्रमाणात खरे आहे. परंतु तपासनिसाला एका निबंधासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळत असतील, तर युक्तिवाद कोठे ढिला पडला हे शोधण्यापेक्षा पाच परिच्छेद, प्रत्येकात दाखला, शेवटी समारोप एवढे नजरेत भरणे साहजिक आहे. विद्यार्थ्याला घड्याळ होते, तसेच तपासनिसालाही होते. घाईने लिहिलेला मजकूर घाईने वाचला जात होता.

इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना असलेल्या 'नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश'नेही २००५ मध्ये स्वतंत्र अहवाल काढून, अशा घाईच्या निबंधामुळे शाळांतील लेखनशिक्षण साचेबद्ध होईल, अशी चिंता व्यक्त केली.

दुसरी बाजू

परीक्षा घेणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. हा निबंध म्हणजे पहिला कच्चा मसुदा आहे हे लक्षात ठेवूनच गुण द्यावेत, असे तपासनिसांना बजावले जात होते. महाविद्यालयात गेल्यावर परीक्षेच्या वेळी आणि नोकरीत लागल्यावर कार्यालयातही ठरावीक वेळेत लिहावे लागतेच, असाही युक्तिवाद होता. सर्वात बिनतोड मुद्दा समानतेचा होता. प्रवेश अर्जासोबत जोडलेला वैयक्तिक निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहिला, की पालकांनी, शिक्षकांनी किंवा पैसे घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागाराने, हे विद्यापीठाला कळायला मार्ग नसतो. परीक्षागृहात मात्र विद्यार्थी एकटा असतो. त्यामुळेच परीक्षेतील निबंधाची प्रतिमा पाहण्याची सोय विद्यापीठांना करून देण्यात आली होती.

२००८ मध्ये कॉलेज बोर्डाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील यशाचा अंदाज वर्तवण्यात 'सॅट'च्या तिन्ही विभागांपैकी लेखन विभाग सर्वात उपयुक्त ठरल्याचे म्हटले होते. परंतु त्या विभागात पर्यायी प्रश्नांचा वाटा मोठा होता. एकट्या निबंधाने त्या अंदाजात फारशी भर पडत नाही, हे पुढे परीक्षेची फेररचना करताना संस्थेनेही मान्य केले.

विषयाच्या नशिबाचा भागही उरलाच. मार्च २०११ मध्ये काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला दूरचित्रवाणीवरील 'रिअ‍ॅलिटी शो'विषयीचा प्रश्न आला. अभ्यासासाठी टीव्हीपासून दूर राहिलेली मुले हबकली, तर असे कार्यक्रम रोज पाहणाऱ्यांची चंगळ झाली, अशी ओरड झाली. उत्तरासाठी आवश्यक ती माहिती प्रश्नातच दिली होती, असा खुलासा करण्यात आला. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. मात्र दाखल्यांवर गुण अवलंबून असतील, तर ज्याच्याजवळ दाखले तयार आहेत त्याचा फायदा होणारच, हे त्या खुलाशाने बदलले नाही. एकाच निबंधावर एखाद्याचे लेखनसामर्थ्य ठरवण्यातील धोका हाच आहे. दुसऱ्या विषयावर त्याच विद्यार्थ्याला दोन गुण अधिक किंवा उणे मिळू शकले असते.

सुधारणा आणि अखेर

२०१२ मध्ये कॉलेज बोर्डाची सूत्रे हाती घेतलेल्या डेव्हिड कोलमन यांनी मार्च २०१४ मध्ये परीक्षेच्या फेररचनेची घोषणा केली. मार्च २०१६ पासून निबंध ऐच्छिक झाला, वेळ दुप्पट म्हणजे पन्नास मिनिटे झाली आणि स्वरूप पालटले. आता स्वतःचे मत विचारले जात नव्हते. एक मोठा उतारा वाचून, त्याच्या लेखकाने वाचकाला पटवण्यासाठी कोणते पुरावे, कोणती तर्कसंगती आणि कोणती भाषा वापरली, याचे विश्लेषण करायचे होते. वाचन, विश्लेषण व लेखन अशा तीन अंगांना प्रत्येकी दोन ते आठ असे स्वतंत्र गुण होते. पूर्वीच्या टीकेतील बरेच मुद्दे या रचनेने निकालात काढले. रचलेल्या दाखल्यांचे आणि थोर पुरुषांच्या पाठांतराचे काम उरले नाही.

प्रतिस्पर्धी 'एसीटी' परीक्षेचीही याच काळात तारांबळ उडाली. तिचा तीस मिनिटांचा ऐच्छिक निबंध २००५ मध्येच सुरू झाला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये वेळ चाळीस मिनिटे झाली आणि गुण १ ते ३६ या मापावर दिले जाऊ लागले. इतर विषयांत तिशीपार जाणाऱ्या विद्यार्थ्यांना निबंधात विशीतले आकडे दिसू लागल्याने घबराट पसरली. अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये २ ते १२ हे जुने माप परत आणावे लागले.

दरम्यान, विद्यापीठांचाच रस आटत चालला होता. हार्वर्डने मार्च २०१८ मध्ये निबंधाची अट काढली. येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड आणि ब्राउन यांनी त्याच वर्षी तीच वाट धरली. निबंधासह परीक्षा द्यायची तर दहा-पंधरा डॉलर अधिक मोजावे लागत. शिवाय अनेक शाळा कामकाजाच्या दिवशी विनामूल्य घेत असलेल्या 'सॅट'मध्ये निबंध नसे. मोजक्या विद्यापीठांच्या अटीसाठी गरीब घरातील मुलांनी वेगळी फी भरून, वेगळ्या शनिवारी पुन्हा परीक्षा द्यायची, हे समर्थनीय उरले नव्हते. ज्या कॅलिफोर्निया विद्यापीठामुळे निबंध आला, त्यानेच मे २०२० मध्ये 'सॅट' व 'एसीटी'ची सक्ती स्थगित केली. १९ जानेवारी २०२१ रोजी कॉलेज बोर्डाने निबंध बंद करत असल्याचे जाहीर केले. जून २०२१ नंतर तो काही राज्यांच्या शालेय परीक्षांपुरताच उरला. २०२४ पासून अमेरिकेतील 'सॅट' पूर्णपणे संगणकावर गेली, तीही निबंधाविनाच. 'एसीटी'ने निबंध ऐच्छिक ठेवला आहे.

मराठी विद्यार्थ्यांची वाट

मुंबई-पुण्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना घड्याळासमोरचा इंग्रजी निबंध भेटतो तो मुख्यतः 'जीआरई'त. २००२ पासून त्या परीक्षेत विश्लेषणात्मक लेखन सक्तीचे आहे. पुढे बरीच वर्षे प्रत्येकी तीस मिनिटांचे दोन निबंध असत. एकात दिलेल्या विषयावर मत मांडायचे, दुसऱ्यात दिलेल्या युक्तिवादातील दोष शोधायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा सुमारे दोन तासांवर आणताना दुसरा निबंध वगळण्यात आला. व्यवस्थापन शाखेसाठीच्या 'जीमॅट'ने तर २०२३ मध्ये आणलेल्या नव्या आवृत्तीत निबंधच काढून टाकला. 'आयईएलटीएस'मध्ये मात्र किमान अडीचशे शब्दांचा निबंध साधारण चाळीस मिनिटांत लिहावा लागतो.

'जीआरई'चा निबंध एक माणूस तपासतो आणि एक संगणक प्रणाली. यंत्राला अर्थ कळतो काय, ही शंका येथेही पेरेलमन यांनीच उपस्थित केली होती. २०१४ मध्ये त्यांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने अशी एक प्रणाली तयार केली, की जिला दोन-तीन शब्द पुरवले की व्याकरणशुद्ध, भारदस्त आणि संपूर्ण निरर्थक निबंध तयार होई. स्वयंचलित तपासनिसांकडून अशा निबंधांना चांगले गुण मिळत असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्याची अडचण दुहेरी असते. विचार मराठीत सुचतो आणि वाक्य इंग्रजीत लिहायचे असते. वेळ पुरेसा असेल तर हे अंतर सहज कापता येते. वेळ कमी पडला की माणूस पाठ केलेल्या वाक्यांचा आधार घेतो. 'जीआरई'साठीचे सर्व निबंधविषय आधीच जाहीर केलेले असल्याने शिकवणीवर्गांत त्यांचे साचे तयारच मिळतात.

या साचेबंदपणाची सवय मात्र आपल्याकडे शाळेपासूनच लागलेली असते. 'मी पंतप्रधान झालो तर' किंवा 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' हे निबंध गाइडमधून पाठ करून परीक्षेत उतरवण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीन तासांत भाषेची अख्खी प्रश्नपत्रिका सोडवताना निबंधाच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटेच येतात. त्या वेळेत स्वतःचे काही सुचण्याची वाट पाहणे धोक्याचे, म्हणून पाठांतर. अमेरिकेतील विद्यार्थी आणि सोलापूर-नाशिकचा विद्यार्थी या बाबतीत एकाच कारणाने एकाच निष्कर्षाला आले. याउलट, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात. तेथेही घड्याळ आहेच. पण कच्चा आराखडा करून, एखादा मुद्दा मागे घेऊन पुन्हा मांडण्याइतकी उसंत त्यात मिळते.

घड्याळाचे पुनरागमन

'सॅट'चा निबंध बंद झाला आणि दीडच वर्षात, नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' अवतरले. घरी बसून लिहिलेला निबंध कोणाचा, हा जुना प्रश्न एकाएकी कित्येक पटींनी मोठा झाला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये प्रवेश अर्जातील निबंधांना आकड्यांत गुण देणे थांबवले. निबंध विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष लेखनकौशल्याचा निदर्शक मानता येत नाही, हे त्यामागील कारण. अनेक प्राध्यापक वर्गातच, डोळ्यांदेखत, हाताने लिहून घेण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळले आहेत. पर्यवेक्षकासमोर लिहिलेला मजकूर हाच खात्रीचा, हा एकेकाळचा युक्तिवाद नव्या जोमाने पुढे येत आहे.

अशा वेळी मागील सोळा वर्षांचा अनुभव उपयोगी पडावा. विद्यार्थ्याला नजरेखाली बसवणे आणि त्याला घाई करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखन त्याचेच आहे याची खात्री करून घेण्यासाठी पर्यवेक्षण लागते. पंचवीस मिनिटांची मर्यादा लागत नाही. ती मर्यादा बहुतांशी परीक्षा घेणाऱ्यांच्या सोयीसाठी आणि खर्चासाठी असते. दोन तास दिले, वाचायला मजकूर दिला, खोडायला कागद दिला आणि एकाऐवजी दोन विषयांवर लिहून घेतले, तर अंदाज अधिक भरवशाचा होतो. मात्र तपासनीस जास्त लागतात आणि त्यांना वाचायला वेळही द्यावा लागतो. प्रिन्स्टनने २०१८ मध्ये परीक्षेतील निबंध सोडताना वेगळा मार्ग निवडला. शाळेत शिक्षकांनी तपासून गुण दिलेला एखादा जुना निबंध अर्जासोबत पाठवण्यास विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. तोही मार्ग निर्दोष नाही. पण शिक्षकाच्या लाल शाईसह आलेला तो कागद विद्यार्थी एरवी कसा लिहितो, हे तरी सांगतो.

वेळ संपल्याची सूचना झाल्यावर पेन्सिल खाली ठेवताना ज्या मुलांना नेमका मुद्दा सुचला, त्यांची संख्या कोणत्याही निकालपत्रकात नोंदलेली नाही. लेखनाची पुढची परीक्षा आखताना तिचा विचार आधी व्हायला हवा.